सोळा मात्रांचं पान

७ जुलै

विषय मंजूर झाला. शेवटच्या वर्षाचा प्रकल्प म्हणून आम्ही संगीताचा अंक काढणार आहोत. छापील अंक, विद्यार्थ्यांनी विद्यार्थ्यांसाठी काढलेला. मांडणी आणि छपाई माझ्याकडे, संपादन वर्गातल्या तबलावालीकडे, फोटो एकाकडे. गिटारवाला ‘बाकी सगळं’ बघणार आहे, म्हणजे नक्की काय ते यथावकाश कळेल. नाव ‘आवर्तन’, म्हणजे तालाचा एक पूर्ण फेरा. नावावर फार डोकं चालवलं नाही.

डोकं चालवलं ते अंक कसला हवा यावर. फोटोवाल्याच्या मनात चकचकीत मुखपृष्ठ, त्यावर गायकाचा मोठ्ठा चेहरा आणि आत नव्या गाण्यांची परीक्षणं. असलं सगळं फोनवर फुकट मिळतं, त्यासाठी कागद कशाला काळा करायचा? तबलावाली म्हणाली, ज्यांना स्वतःला काही गायचं-वाजवायचं आहे त्यांच्यासाठी काढू. ते पटलं. नाशकात गंधर्वच्या संगीत परीक्षांना बसणारी पोरं गल्लोगल्ली आहेत, ढोलपथकं आहेत, कॉलेज रोडला बँडवाले आहेत. हे तिघे एकमेकांकडे ढुंकूनही बघत नाहीत. ठरलं ते असं: अंकात निदान एक बंदिश स्वरलिपीसकट, म्हणजे सूर लिहून द्यायची, आणि अंक पेटीवर (हार्मोनियमवर) उभा करून ती गाता आली पाहिजे. गाता आली नाही तर पान नापास.

१० जुलै

गुरुपौर्णिमा. तबलावालीच्या सरांकडे पंचवटीत गेलो. गर्दी ओसरल्यावर सरांनी भूप रागातला एक पारंपरिक छोटा ख्याल, म्हणजे जलद लयीची बंदिश द्यायचं कबूल केलं. भूप का, तर म आणि नि वर्ज्य, पाचही स्वर शुद्ध, नवशिक्यालाही पेलेल. मी मनात म्हटलं, मांडणी करणारीलाही पेलेल.

सरांची वही बघितली आणि पहिला खडा लागला. स्वर लिहायच्या दोन पद्धती आहेत, पलुस्करांची आणि भातखंड्यांची. सर पलुस्कर पद्धतीने लिहितात. त्यांच्याकडे स्वराच्या डोक्यावर टिंब असलं की मंद्र (खालचं) सप्तक आणि उभी रेघ असली की तार (वरचं). भातखंडे पद्धतीत मंद्राचं टिंब स्वराच्या खाली आणि डोक्यावर टिंब म्हणजे तार. म्हणजे टिंब तेच, पण वाचणाऱ्याने चुकीच्या चष्म्यातून बघितलं तर गळा दोन सप्तकं इकडचा तिकडे. तालाच्या खुणाही वेगळ्या: पलुस्करांकडे समेला (आवर्तनाच्या पहिल्या ठोक्याला) १ आणि खालीला (टाळी न देता हात बाजूला नेतात त्या ठोक्याला) +, भातखंड्यांकडे समेला × आणि खालीला ०.

मी म्हटलं, सर, बहुतेक मुलं भातखंडे वाचतात, आम्ही तसं छापू का? सर हसले. म्हणाले, “नाशकात बसून भातखंडे?”

त्यांचा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. विष्णु दिगंबर पलुस्करांनी ५ मे १९०१ ला लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, पण आयुष्याच्या उत्तरार्धात त्यांचा रामनाम आधार आश्रम इथे नाशिकला होता. त्यांचे चिरंजीव, गायक द. वि. पलुस्कर १९२१ साली जन्मले तेही नाशकातच. या गावात संगीताचा अंक काढायचा आणि त्यांचीच लिपी बाजूला ठेवायची, हे सरांना खटकणारच.

१३ जुलै

तबलावालीने क्लासमधल्या मुलांना विचारून घेतलं. प्रवेशिका-मध्यमा या परीक्षांना बसणाऱ्या मुलांना परीक्षेपुरत्या दोन्ही पद्धती येतात, पण वाचून गा म्हटलं की सगळे भातखंडे. बाजारातली बहुतेक पुस्तकं तशीच आहेत. अंक भातखंडे पद्धतीने. हे सरांना कोण सांगणार यावर एकमत नाही.

२१ जुलै

पानाचा आकार.

गिटारवाल्याला ए-फाइव्ह हवा होता, पिशवीत मावतो आणि स्वस्त पडतो. मी कागदावर हिशोब मांडला. तीनतालाच्या सोळा मात्रा (ठोके), चार-चारचे चार विभाग, आणि एक आवर्तन एका ओळीत बसलंच पाहिजे. ए-फाइव्हची रुंदी १४८ मिलिमीटर, दोन्ही समास मिळून २४ गेले तर उरले १२४. भागिले सोळा, मात्रेला पावणेआठ मिलिमीटर. त्यात ‘सा’ बसतो. ‘सारे’ बसवायचा तर अक्षर इतकं बारीक होतं की पेटीवर ठेवलं तर दिसत नाही. तानेत एका मात्रेत चार स्वर आले की संपलंच.

आवर्तन दोन ओळींत तोडा, असा सल्ला आला. तबलावालीने तो तिथल्या तिथे फेटाळला. ओळ तुटली की ठेकाही तुटतो, डोळा दुसऱ्या ओळीवर जाईपर्यंत मात्रा निघून गेलेली असते. झपतालाच्या दहा किंवा एकतालाच्या बारा मात्रा असत्या तर छोटं पान चाललं असतं. पण छोट्या ख्यालांत सगळ्यात जास्त भेटतो तो तीनताल, त्यामुळे अंकाचा आकार तीनतालानेच ठरवला: ए-फोर. समास आतल्या बाजूला १८, बाहेर १२. उरतात १८० मिलिमीटर, म्हणजे मात्रेला सव्वाअकरा.

मांडणी शिकवणाऱ्या मॅडमना हे आवडलं. त्या म्हणाल्या, बहुतेक जण आधी आकार ठरवतात आणि मग मजकूर त्यात कोंबतात. मॅडमनी एवढंच बोलून मार्क दिले तर बरं.

२ ऑगस्ट

रविवार कारंजाजवळच्या प्रेसमध्ये गेलो. सिंहस्थाच्या कामांसाठी रस्ते उकरलेत, दुचाकी लांब लावून चालत जावं लागलं. प्रेसवाल्या काकांनी ए-फोर ऐकून मान हलवली.

त्यांचं म्हणणं असं. कागद येतो २३ बाय ३६ इंचाचा, त्याचा अर्धा १८ बाय २३, आणि तोच त्यांच्या मशीनवर चढतो. ए-फोरची उंची २९७ मिलिमीटर, दोन पानं एकावर एक लावली की ५९४. तेवीस इंच म्हणजे ५८४. दहा मिलिमीटर कमी पडतात. ए-फोरच हवा असेल तर मोठा कागद घ्या आणि कडा कापून रद्दीत टाका. त्यापेक्षा साडेआठ बाय अकरा इंच करा, कागद जवळजवळ पुरता वापरला जातो.

साडेआठ बाय अकरा म्हणजे २१६ बाय २७९. उंची अठरा मिलिमीटर गेली, पण रुंदी सहा वाढली! मात्रेला आता ११.६ मिलिमीटर. उंचीचं दुःख नाही, एक ओळ कमी बसेल. काकांना मी सोळा भागांच्या हिशोबाबद्दल काही बोलले नव्हते, त्यांनी निव्वळ रद्दी वाचवायला आम्हाला रुंद पान दिलं.

बाकी ठरलं ते: आतली ३२ पानं ८० जीएसएम मॅपलिथो, म्हणजे न चकाकणारा साधा कागद, मुखपृष्ठ जाड कार्डावर चौरंगी, बांधणी मधोमध पिना मारून. आर्टपेपरचा मोह फोटोवाल्याला होता, पण तो चकाकतो आणि पेटीवर ट्यूबलाइटखाली वाचता येत नाही. शिवाय त्यावर पेन्सिल उमटत नाही. बंदिशीच्या पानावर मुलं श्वासाच्या जागा, हरकती लिहिणारच. पिनांची बांधणी बरी की चिकटवलेली, हाही प्रश्न पेटीने सोडवला. चिकटवलेला अंक सपाट उघडत नाही.

११ ऑगस्ट

टंक, म्हणजे फाँट. लेखांसाठी ‘तिरो देवनागरी मराठी’ घेतला. याच्यात ल आणि श मराठी वळणाचे येतात. बऱ्याच टंकांत ही दोन अक्षरं मुळात हिंदी वळणाची असतात, परिच्छेदाची भाषा मराठी निवडली तर काही टंक वळण बदलतात आणि काही ढिम्म राहतात. ज्यांना फरक दिसत नाही त्यांना तो सांगूनही दिसत नाही, आणि ज्यांना दिसतो त्यांना मग दुसरं काही दिसत नाही. मी दुसऱ्या जातीची.

शीर्षकं आणि स्वरलिपीचे तक्ते ‘मुक्ता’मध्ये. एक टाइप या मुंबईच्या मंडळींचा हा टंक खुल्या परवान्याचा आहे, म्हणजे नाव बदलून त्यात फेरफार करता येतात. हे पुढे कामाला येणार आहे. इनडिझाइन या मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये जोडाक्षरं फुटत होती, परिच्छेदाचा कंपोझर ‘वर्ल्ड-रेडी’ केल्यावर नीट झालं.

१४ ऑगस्ट

खरं काम आज सुरू झालं.

भूप सोपा आहे, पण अंकाचा साचा भूपापुरता करून भागायचं नाही. म्हणून चाचणीला तोडी राग घेतला. रे, ग, ध कोमल, म तीव्र. तोडी नीट छापता आली तर काहीही छापता येईल.

कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी. युनिकोडमध्ये वैदिक स्वरांकनाची चिन्हं देवनागरीच्या कुटुंबातच आहेत, ती वापरून रे॒ ग॒ म॑ ध॒ असं सरळ टाइप होतं. इथपर्यंत छान. अडतं ते टिंबांपाशी. मंद्रासाठी नुक्ता (अक्षराखालचं टिंब) वापरला तर तो अक्षराच्या मात्रेच्या, म्हणजे काना-वेलांटीच्या आधी टाइप करावा लागतो, ‘नि’ लिहून मग नुक्ता दिला तर रिकामं ठिपक्यांचं वर्तुळ उगवतं. मंद्र कोमल निषादाला टिंब आणि रेघ दोन्ही खालीच लागतात, ती आमच्या टंकात एकमेकांवर चढतात. तार सप्तकासाठी अनुस्वार दिला तर ‘सं’ ठीक दिसतो, पण ‘रें’मध्ये टिंब मात्रेच्या उजवीकडे सरकतं आणि ‘निं’मध्ये वेलांटीच्या कमानीत जाऊन बसतं. वाचणाऱ्याला ते शब्दातला अनुस्वार वाटतं. साहजिकच आहे, ते अनुस्वारच आहे.

तिसरी अडचण कमानीची. एका मात्रेत दोन-चार स्वर असले की त्यांच्याखाली कमान काढतात. कमान फार सपाट झाली की कोमलची रेघ वाटते. आणि कमानीतला स्वर कोमल असेल तर दोन्ही एकाखाली एक.

उपाय एकच दिसतो, स्वर तयार काढायचे. सात शुद्ध, चार कोमल, एक तीव्र, असे बारा, तीन सप्तकं धरून छत्तीस आकार. फाँटफोर्ज या टंक बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘मुक्ता’ची अक्षरं घेऊन प्रत्येकावर टिंब आणि रेघ हाताने बसवायची. टिंब नेहमी मूळ अक्षराच्या दांड्याच्या रेषेत ठेवायचं, मात्रेकडे बघायचंच नाही. रेघ टिंबाच्या वर, स्वराला चिकटून. कमान त्या सगळ्याच्या खाली, भरपूर खोल. तार सप्तकातला तीव्र म कोण लिहितंय, असं गिटारवाला म्हणाला. असू दे, काढून ठेवते.

हे आकार युनिकोडमधल्या मोकळ्या ठेवलेल्या खणांत टाकल्याने फाइलमध्ये शोध लागणार नाही. छापील पानावर शोध कोण घेतंय!

१८ ऑगस्ट

आज विष्णु दिगंबरांची जयंती, जन्म १८७२. सरांकडे छोटा कार्यक्रम होता. तो झाल्यावर मी भूपाच्या पानाची प्रिंट त्यांच्यापुढे ठेवली, भातखंडे पद्धतीची. सरांनी चष्मा लावला, गुणगुणत खाली आले, दोन ठिकाणी पेन्सिलीने खुणा केल्या. लिपीबद्दल अवाक्षर नाही. मग म्हणाले, “हे ठीक. पण मुलांना कळायला पाहिजे की आणखी एक पद्धत आहे आणि ती का आहे.”

यावर तबलावालीने जे सुचवलं ते मला सुचायला हवं होतं असं नाही, पण सुचलं असतं तर आवडलं असतं. अंकाच्या अगदी मध्ये, पान १६ आणि १७ वर, एकच बंदिश समोरासमोर छापायची. डावीकडे भातखंडे, उजवीकडे पलुस्कर. तक्ता तोच, मात्रा त्याच जागी, फक्त खुणा वेगळ्या. पिनांच्या अंकात १६-१७ हा एकच सलग कागद असतो, त्यामुळे दोन्ही पानांच्या ओळी एकमेकींना तंतोतंत जुळतील. डोळा सरळ इकडून तिकडे नेता येईल.

सरांनी उजव्या पानाचा मजकूर स्वतः लिहून द्यायचं मान्य केलं. पलुस्करांच्या लिपीत कोमल स्वराला हलन्तासारखी खूण असते, म्हणजे माझ्या छत्तीस आकारांत आणखी भर.

२३ ऑगस्ट

गणपती चार दिवसांवर. फोटोवाला आणि मी संध्याकाळी गोदाकाठी ढोलपथकाच्या सरावाला. ‘नाशिक ढोल’ हे नाव आता गावाच्या कुठल्या कुठे पोचलंय, सिनेमाच्या गाण्यांतही ऐकू येतं, पण अंकात आम्हाला हवं होतं ते वाजवणाऱ्या मुलींचं म्हणणं. एक फार्मसीला आहे, एक सातपूरला कारखान्यात. ढोल कमरेला बांधला की पहिले काही दिवस पाठ बोलते, टिपरूने बोटांना फोड येतात, ताशावाल्याकडे सगळ्यांची नजर असते. हात कसा शिकतात विचारलं तर त्यांनी तोंडाने बोल म्हणून दाखवले. तबलावाली तिथेच बोटांवर मात्रा मोजायला बसली. ताशाचा बोल तिला आठ मात्रांत बसवून लिहिता आला. तोच आमच्या तक्त्यात छापायचा, भूपाच्या पुढच्याच पानावर. लिहिलेला ताशा बघून मुली खूश. एकीने विचारलं, हे वाचून कोणी वाजवणार आहे का? बघू.

१० सप्टेंबर

विसर्जन आटोपलं, लेख यायला लागले.

सरांचा लेख त्यांच्या ओळखीच्या डीटीपीवाल्याने युनिकोड नसलेल्या जुन्या टंकात टाइप केलेला. कन्व्हर्टरमधून काढला तर रफार भलत्याच अक्षरावर, वेलांट्या पुढे-मागे, आणि ‘सुऱ्या’, ‘पायऱ्या’मधला अर्धा र प्रत्येक वेळी नवा अवतार घेतो. कन्व्हर्टर सोडून दिला, सगळा लेख नव्याने टाइप केला. वेळ गेला पण लेख पाठ झाला.

पेटीवरचा लेख चांगला आलाय. आकाशवाणीने १९४० साली पेटी बंद केली, ती बंदी १९७१ साली सैल झाली, एवढं एकच वाक्य धरून मुलाने पेटीचं सगळं भांडण मांडलंय: ठरावीक सुरांची पट्टी, मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) निघत नाही, वगैरे. शेवटी तो स्वतः पेटीवालाच असल्याने निकाल कुठल्या बाजूने हे सांगायला नको. कापाकापी केली नाही.

१५ सप्टेंबर

गिटारवाल्याचं पान. त्याला एका गाजलेल्या चित्रपटगीताचे शब्द आणि वर कॉर्ड छापायचे होते. शब्द छापायचे तर हक्कदाराची परवानगी हवी. आपल्याकडे गीतकाराचा हक्क त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो. परीक्षणात एखादी ओळ उद्धृत करणं वेगळं, अख्खं गाणं छापणं वेगळं. तो रुसला. मग तबलावाली म्हणाली, तुकोबांचा अभंग घे, त्यांच्यावर कोणाचा हक्क नाही. चालही तूच बांध. रुसवा उतरला, आता तो भजनी ठेक्याच्या आठ मात्रांवर कॉर्ड बसवतोय आणि तबलावालीला दर तासाला फोन करतोय. गिटारची टॅब सहा ओळींची असते, तीही आमच्या मात्रांच्या तक्त्यात टाकली. एका अंकात तीन प्रकारची माणसं एकाच चौकटीत मोजतायत, हे मला अंकातलं सगळ्यात आवडतं.

२१ सप्टेंबर

चाचणी. पान घेऊन मध्यमाच्या एका मुलीला बसवलं, बंदिश तिला आधी माहीत नव्हती. पेटीवर पान, शेजारी ठेका.

बंदिशीचा मुखडा (सुरुवातीचा तुकडा) नवव्या मात्रेपासून, खालीपासून उठतो. मी ओळ समेपासून सुरू केली होती, म्हणून पहिल्या ओळीत आठ घरं रिकामी आणि मुखडा उजव्या अर्ध्यात. मुलगी रिकाम्या घरांपाशी घुटमळली, मग मुखडा म्हणून ओळ संपली आणि सम पुढच्या ओळीच्या सुरुवातीला. मुखडा आणि सम यांच्यात मुद्दाम ओळ तोडल्यासारखं झालं. गाणारा तिथेच तर श्वास रोखून समेवर येतो!

यावर वाद. तबलावालीला सम डावीकडेच हवी, तिचं सगळं मोजणं तिथून. गाणाऱ्यांना ओळ मुखड्यापासून हवी. भातखंड्यांच्या क्रमिक पुस्तकांतही बंदिशीच्या उठावाप्रमाणे ओळ खालीपासून सुरू झालेली दिसते. शेवटी ओळ मुखड्यापासून आणि समेच्या घराला हलकी छटा, म्हणजे सम पानाच्या मधोमध वरपासून खालपर्यंत एक उभा पट्टा दिसतो. तबलावालीने तो पट्टा बघितला आणि तक्रार मागे घेतली.

मुलीने दुसऱ्यांदा गायलं ते न अडखळता. आणखी दोन किरकोळ गोष्टी: शब्दांच्या ओळीत लांबवलेल्या अक्षरापुढचा अवग्रह ऽ आणि स्वरांच्या ओळीतली रेघ एका उभ्या रेषेत असाव्यात, आणि अंतऱ्याच्या (बंदिशीच्या दुसऱ्या भागाच्या) आधी थोडी जास्त जागा हवी.

२९ सप्टेंबर

मुखपृष्ठ. पाऊस थांबत नाही, गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर आलं याचे फोटो सगळ्यांच्या फोनवर. बाहेर शूटिंग शक्यच नाही, त्यामुळे तबलेवाल्या चाचांच्या दुकानात बसलो.

चाचा तबल्याच्या पुडीला (वरच्या चामड्याला) शाई लावत होते. लोखंडाचा कीस आणि भाताची खळ यांचा लगदा, थरावर थर, प्रत्येक थर दगडाने घोटायचा, घोटताना शाईला बारीक चिरा पडतात आणि त्या पडायलाच हव्यात. या काळ्या वर्तुळामुळेच तबल्याला स्पष्ट सूर असतो. साध्या चामड्याचे उपस्वर मूळ सुराशी जमत नाहीत, मधोमध वजन आलं की ते सुराच्या पटींत बसतात. हे सी. व्ही. रामन यांनी १९२० साली ‘नेचर’मध्ये दाखवलं. चाचांना रामन माहीत नाहीत. त्यांनी पुडीवर टिचकी मारली, कान लावला, आणखी एक थर चढवला.

फोटोवाल्याने तिथेच मुखपृष्ठ काढलं, शाईचा अगदी जवळून फोटो, चिरांसकट. गायकाच्या चेहऱ्याचा विषय त्याने स्वतःहून सोडला.

६ ऑक्टोबर

दुसरा रंग. आतली पानं एकरंगी, पण आठ पानांना मरून रंग परवडतो. काकांच्या मशीनवर एका फॉर्मात, म्हणजे दोन्ही बाजूंनी छापलेल्या एका कागदावर, आठ पानं जातात. ३२ पानांच्या पिनांच्या अंकात सगळ्यात आतला फॉर्म १३ ते २० चा. सगळी स्वरलिपी तिथेच आणली, लेख आजूबाजूला ढकलले.

टिंबं आणि कोमलच्या रेघा मरून करायच्या होत्या, उठून दिसल्या असत्या. काकांनी थांबवलं. दोन रंगांच्या प्लेटा वेगळ्या, रजिस्टर, म्हणजे दोन्ही रंगांची जुळणी, अर्धा मिलिमीटर सरकलं तर टिंब शेजारच्या स्वरावर जाईल. स्वर आणि त्याची खूण एकाच प्लेटवर राहू दे, म्हणाले. म्हणून स्वर आणि खुणा काळ्या. मरूनमध्ये फक्त शब्द, तालाच्या खुणा आणि समेचा पट्टा. ते थोडे सरकले तरी गाणं बिघडत नाही.

आतले कागद घडी केल्यावर बाहेर डोकावतात, आणि कडा कापताना तेवढे छोटे होतात. आठ घड्या, ८० जीएसएम, साधारण पाऊण मिलिमीटर. म्हणून १३ ते २० च्या पानांवर बाहेरचा समास जरासा वाढवला. पैसे वाचवायचे म्हणून सगळे तक्ते मध्ये आले, आणि तक्ते मध्ये आले म्हणून अंक पेटीवर आपोआप बरोबर त्याच पानावर उघडतो.

१३ ऑक्टोबर

शेवटचं प्रूफ. सरांनी पान १७ वर एक मंद्र ध पकडला, टिंब खाली पडलं होतं. पलुस्कर पद्धतीत ते वर हवं. बंदिश कशी गायची ते ऐकता यावं म्हणून मुलीच्या आवाजात ध्वनिमुद्रण केलं, त्याचा क्यूआर दोन सेंटिमीटरचा. मॅपलिथोवर शाई थोडी पसरते, म्हणून त्याहून लहान केला नाही. छापायला दिलं.

१८ ऑक्टोबर

अंक हातात. रजिस्टर सरकलंय, काही प्रतींत शब्द तक्त्याच्या रेघेला टेकतात. स्वर जागच्या जागी. काका काही बोलले नाहीत, फक्त माझ्याकडे बघितलं.

२२ ऑक्टोबर

दिवाळीतल्या पाडवा पहाटेच्या मैफलीला पिंपळपारावर गेलो, पिशवीत अंक. गाणं संपल्यावर बाहेर पडणाऱ्यांना दाखवले. मोठ्या माणसांनी मुखपृष्ठ बघून “हे काय, चंद्र का?” असं विचारलं. मुलांनी विचारलं नाही. एका आजींनी मधलं पान उघडलं, पान १७ वर बोट ठेवून तिथेच भूप म्हणायला लागल्या, डावीकडच्या पानाकडे बघितलंही नाही. दोन प्रती घेतल्या, एक नातीसाठी.

ढोलवाल्या मुलींनी ताशाच्या पानाचा फोटो त्यांच्या ग्रुपवर टाकलाय. नवीन आलेल्यांना तोच पाठवतात म्हणे.

३१ ऑक्टोबर

विभागात फाइली जमा केल्या: मूळ मांडणी, स्वरांचा टंक, छापण्याची पीडीएफ, आणि कुठला आकार कुठल्या कळीवर आहे त्याचा तक्ता. पुढच्या वर्षीच्या मुलांना लागेल.

तबलावालीने पुढच्या अंकासाठी रूपक तालातला तुकडा लिहून दिलाय. रूपकात सात मात्रा, ३-२-२, आणि सम खालीवरच. म्हणजे पहिल्या घरात × लिहायचा की ०? सरांना विचारलं, त्यांनी तत्क्षणी दोन्ही एकात एक लिहून दाखवले. त्यासाठी आणखी एक आकार काढावा लागेल. घरं सातच, त्यामुळे प्रत्येकाला साडेसव्वीस मिलिमीटर मिळतात, ‘धिरधिर’ हा लांब बोलही आरामात बसतो. रिकाम्या जागेचं काय करायचं, हा नवाच प्रश्न. बोलांखाली बोटं कुठली ते लिहू या, असं ती म्हणते. मी म्हटलं, आधी एक पान करून चाचांना दाखवू.